सुपडूनानांच्या घरी खुर्ची नाही

सुपडूनानांच्या घरी पाहुण्याला चहा मिळायचा, पण जमिनीवरून उठून दाखवल्यावर. हात न टेकता. भिंतीचा, दाराचा, बायकोच्या खांद्याचा आधार न घेता. उठता आलं तर यमुनाअक्का आतून कपबशी घेऊन यायच्या. नाही आलं तर नाना त्या माणसाकडे असे बघायचे, की याच्या घरी आता कळवायचं कुणी!

मला हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. लग्न होऊन मी जळगावहून धुळ्याला आले तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. देवपुरात आमचं भाड्याचं घर, आणि मधली कमरेएवढी भिंत सोडली की नानांचं. आल्या-आल्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले.

"बठ पोरी, बठ," नाना म्हणाले. घरात खुर्ची दिसेना, म्हणून साडी सावरून खाली बसले. अक्कांनी विरजणाची वाटी आणून ठेवली. मी हात पुढे करणार, तोच नाना म्हणाले, "हां. आते ऊठ. हात टेकाना नही."

मला वाटलं, धुळ्यात नव्या सुनेची अशीच काही रीत असेल. उठायला गेले, पदरावर पाय पडला आणि सरळ अक्कांच्या गळ्यात पडले.

"वय काय शे?"

"बावीस."

"गुडघा बावन्नना शेतस," नाना शांतपणे म्हणाले. विरजण मात्र दिलं. मी घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "शेजारी वेडे आहेत हे घर घेताना कळलं नव्हतं का तुम्हाला?"

नाना जिनिंग फॅक्टरीत मुकादम होते. सारा जन्म कापसाच्या गाठी उचलण्यात आणि उचलून घेण्यात गेला. निवृत्त झाले तेव्हा बरोबरच्या माणसांनी वर्गणी काढून त्यांना आरामखुर्ची दिली. नानांनी ती डोक्यावर घेऊन घरी आणली, तिसऱ्या दिवशी तोडली आणि आंघोळीच्या बंबात घातली. हे मला अक्कांनी सांगितलं, तेही कौतुकानं. मी "अगंबाई!" एवढंच म्हणू शकले. भेट मिळालेली खुर्ची जाळणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

सकाळी अंगणात त्यांच्या बैठका चालायच्या. मग जिनमधून आणलेलं एक जुनं लोखंडी वजन ते छातीपर्यंत उचलायचे, खाली ठेवायचे, पुन्हा उचलायचे. सत्तरीकडे झुकलेला माणूस, अंगात बंडी, कपाळाला गंध आणि मांड्या मात्र पैलवानाच्या. गल्लीतल्या कुणाचं काही दुखलं की नानांचा उपाय एकच. कंबर दुखते? बैठका. झोप लागत नाही? बैठका. साखर निघाली? "वजन उचल, साखर तथीच जळी." एकदा वर्गणी मागायला आलेल्या गणेश मंडळाच्या अध्यक्षांना त्यांनी वजनाकडे बोट दाखवलं. अध्यक्ष दुसऱ्या वर्षी आलेच नाहीत.

माझे सासरे अमळनेरहून आले तेव्हा तर कहरच झाला. सासरे भारदस्त गृहस्थ, तालुक्यात मान. नानांकडे गेले, बसले, गप्पा रंगल्या. निघायची वेळ आली आणि ते उठेचनात. एकदा डावीकडे कलले, एकदा उजवीकडे. मी दारात उभी होते. आधार द्यायला धावले तर नानांनी मला अडवलं. "आबाले उठू दे. जो जमीनवरतून सोता उठस, तो कोना गुलाम नही." सासरे शेवटी रांगत दारापर्यंत गेले आणि चौकट धरून उठले. आमच्या घरात ते महिनाभर या विषयावर एक शब्द बोलले नाहीत. पुढे कळलं, अमळनेरला दार लावून ते बैठकांचा सराव करत होते.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. मग अक्का आजारी पडल्या.

विषमज्वर झाला. दवाखान्यात बरेच दिवस गेले. घरी आल्या तेव्हा ताप उतरला होता, पण अंगात जीव राहिला नव्हता. पायांच्या काड्या झाल्या होत्या. मोरीपर्यंत जायला दोन बायका लागायच्या, आणि मोरीत बसल्या की उचलूनच आणावं लागायचं. गल्लीतल्या आम्ही बायकांनी आपसांत पाळ्या ठरवल्या. कुणी वरण-भात आणायचं, कुणी वेणी घालायची, कुणी पाय चेपायचे. "अक्का, तुम्ही पडून राहा," हेच आम्ही सगळ्याजणी सांगत होतो. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवायचा म्हणजे त्याला काडीही उचलू द्यायची नाही. आम्ही तो मान इतका ठेवला, की अक्कांना पाण्याचा पेलासुद्धा आम्हीच ओठांना लावू लागलो.

एका सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "मरी गऊ वं माय!"

मी डोकावून पाहिलं आणि हादरलेच. अक्का अंगणात जमिनीवर बसलेल्या, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेला तांब्या, हात लटलट कापतायत. समोर नाना उभे. "वर. आखो वर. ठेव. आते पुन्हा." तांब्या कलंडला, अक्कांचं लुगडं भिजलं, आणि हा माणूस शांतपणे तांब्या पुन्हा भरून आणतो!

दुसऱ्या दिवसापासून पलंगही गेला. नानांनी तो माळ्यावर चढवला. आमचे वरण-भाताचे डबे दारातून परत येऊ लागले. तांब्याच्या जागी कळशी आली, मग वरवंटा आला. रोज सकाळी अक्कांचा "माय वं" आणि नानांचं "ऊठ वं डोकरी" ऐकत माझा चहा निवून जायचा. डॉक्टरांनी "हळूहळू ताकद आणा" म्हटलं होतं, हे मला मागाहून कळलं. पण त्या बिचाऱ्यांनी वरवंट्याचं नाव नक्कीच घेतलं नसणार.

शेवटी मी चार बायका जमवल्या आणि आम्ही तावातावानं नानांच्या घरी गेलो. मीच पुढे होते. "नाना, हे बरं नाही. अक्कांना काही झालं म्हणजे? आम्ही त्यांना आमच्या घरी घेऊन जातो. राहतील चार महिने पलंगावर, सुखानं."

अक्का खालीच बसल्या होत्या. नाना रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत.

"डोकरीले बठाडी ठेवशात, तर डोकरी बठेलच ऱ्हाई जाई," ते म्हणाले. मग अक्कांकडे वळले. "यमुना, यास्नासंगे जाय. पन सोता ऊठ."

अक्कांनी पाय मुडपले. जोर लावला. अर्ध्यावर आल्या आणि धपकन खाली बसल्या. माझा हात आपोआप पुढे झाला. नानांनी मानेनंच नको म्हटलं. स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले, हात पाठीमागे घेऊन. अक्का पुन्हा उठायला लागल्या. मान ताणलेली, ओठ दातांखाली, चेहरा लालबुंद. मला बघवेना म्हणून मी नजर वळवली, आणि कोपऱ्यात उभी असल्यामुळे मला नानांचे पाठीमागचे हात दिसले.

एका हातानं त्यांनी दुसऱ्या हाताचं मनगट आवळून धरलं होतं. बोटं पांढरी पडली होती. अक्का कलल्या की तो धरलेला हात सुटायला बघायचा, आणि दुसरा त्याला ओढून ठेवायचा. लोखंड उचलणारा तो माणूस नुसता थरथरत होता.

अक्का उठल्या. हात न टेकता. उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे बघून हसल्या, मग रडल्या. आम्ही पाचजणीही रडलो.

नाना अंगणात निघून गेले होते. मी मागोमाग गेले. ते माझ्याकडे न बघताच बोलले. "हिनापेक्षा मी आठ-दहा साल मोठा शे. मीच पहिले जासू. पोरबाळ नही आमले. तुम्ही एक दिन येशात, दोन दिन येशात. मोरीमा रोज कोन येई? तिले कोन उठाडी?"

डबे देणं सोपं असतं.

पुढच्या वर्षभरात अक्का पाटा उचलू लागल्या. दवाखान्यात पडून लागलेली पाठदुखी गेली, भूक वाढली, भाकरी पुन्हा स्वतः थापू लागल्या. एकवीरेच्या देवळात आमच्या पुढे चालायच्या. मीही दार लावून बैठका सुरू केल्या. एकदा नवरा अचानक घरी आला आणि मला त्या अवस्थेत बघून डॉक्टरांना बोलवायला निघाला होता. नानांची पद्धत मला तरीही पटलेली नाही. आजारी बाईला कुणी असं ओरडतं का?

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं असेल. एका दुपारी नाना बाजारातून गव्हाचं पोतं खांद्यावर घेऊन आले, उतरवलं, पाणी प्यायले, जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत. गल्लीला धक्काच बसला. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "एवढ्या बैठका मारून काय मिळवलं?" मला त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

दिवसकार्य आटोपलं, नातेवाईक पांगले. त्यानंतरच्या सकाळी मी अक्कांकडे गेले. घर अगदी चिडीचूप. अक्का स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, ओट्यावर स्टोव्हवर दूध ठेवलेलं. मी शेजारी बसले. विचारलं, "उठता-बसता येतंय ना अक्का? काही त्रास?"

"उठता येस वं पोरी," त्या म्हणाल्या. "त्यास्नी उठाले शिकाडं. पन आते कोनासाठे उठू, ते नही सांगं."

मी त्यांचा हात धरला. तो कडक होता, वरवंट्यानं घट्टे पडलेला.

दूध वर आलं. मी गडबडीनं उठायला गेले, तोवर अक्का उठल्याही होत्या. त्यांनी स्टोव्ह बारीक केला, दोन कप काढले, आणि त्यातला एक पुन्हा फडताळात ठेवायला गेल्या. मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं, आणि तो त्यांनी माझ्यासाठी खाली ठेवला.