अर्धी मिशी आणि मदतीचा डबा

किनाऱ्यावरच्या गावांना वादळाने झोडपलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गल्लीने मदतीचा डबा करायचं ठरवलं. तो सलूनमध्ये ठेवायचा हेही एकमताने ठरलं. एकट्या मेहुण्याने नाक मुरडलं. सलून त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचं, म्हणजे घरचंच. तरी त्याचं म्हणणं असं, की डबा दाजींच्या हातात गेला तर तिकडे लोकांची घरं पुन्हा बांधून होतील, तेव्हा कुठे इथून पैसे निघतील. यात खोटं काही नव्हतं. सलूनवाल्यांना अख्खी गल्ली सावकाशराव म्हणायची, तेही तोंडावर. त्यांना त्याचा राग येत नसे. राग यायलाही वेळ लागतो.

पण माणूस काय सोन्यासारखा होता म्हणून सांगू. इतकी वर्षं वस्तरा धरला, एका गालाला कधी ओरखडा नाही. फक्त एक खोड होती. समोर उभ्या असलेल्या माणसाशी त्यांना बोलताच येत नसे. मान खाली घालून नुसता वस्तरा पुसत राहायचे. तोच माणूस खुर्चीत बसला, गळ्याला टॉवेल लागला, की आरशात बघून अगदी मोकळेपणी विचारपूस सुरू. लग्नासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा त्या घरात आरसा नव्हता, त्यामुळे हूं की चूं न करता परत आले, हे त्यांची बायको आजही सांगते. ती मागच्या पडद्याआड ब्लाउज शिवायची. डब्याची किल्ली तिच्या मशीनच्या खणात होती.

गल्लीने हात आखडता घेतला नाही. पोस्टातून निवृत्त झालेल्या आजोबांनी तर नव्या चष्म्यासाठी ठेवलेले पैसे डब्यात टाकले आणि जुन्याच चष्म्याने सलूनमधला पेपर नाकाला लावून वाचायला लागले. सावकाशरावांनी ते पाहिलं होतं. डबा आता त्यांना वस्तऱ्यापेक्षा जपून ठेवावासा वाटत होता. हे पैसे छप्पर उडालेल्या माणसापर्यंत पोचले पाहिजेत, नाहीतर आजोबांना तोंड कसं दाखवायचं, एवढीच त्यांची काळजी.

एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी टेम्पो थांबला आणि त्यातून एक जॅकेटवाला उतरला. पांढरंशुभ्र जॅकेट, गळ्यात ओळखपत्र, काखेत पावतीपुस्तक आणि ओठावर अशी पिळदार मिशी, की बघणाऱ्याने आपोआप स्वतःच्या ओठावरून हात फिरवावा. त्याने एका मोठ्या, सगळ्यांना माहीत असलेल्या संस्थेचं नाव सांगितलं. फोनमधले पडक्या घरांचे फोटो दाखवले. टेम्पो लगेच निघणार आहे, तिकडे मुलं उपाशी आहेत, तेव्हा जमलं असेल ते पटकन द्या, असं म्हणाला. मेहुण्याचं मोबाइलचं दुकान शेजारीच. तो हातातला स्क्रू टाकून धावत आला आणि आल्या आल्या त्याचे डोळे पाणावले.

"दाजी, डबा द्या की. बघत काय बसलात?"

सावकाशराव वस्तरा पुसत होते. त्यांना खूप काही विचारायचं होतं, पण माणूस पडला उभा. त्यांनी एकदा चोरून वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घालून, वस्तऱ्यालाच सांगावं तसं म्हणाले, "मिशीची डावी बाजू जरा जड झालीय."

जॅकेटवाल्याचा हात झटकन मिशीकडे गेला. "दिसतंय का?"

"इतरांना नाही दिसणार. मला दिसलं."

आता असं ऐकल्यावर मिशीवाला माणूस बाहेर पडेल का? दोन मिनिटांत होईल ना, असं विचारत तो खुर्चीत बसला. शेजारच्या खुर्चीत बेकरीवाला कधीचा तोंडाला फेस लावून बसला होता. दोन मिनिटं हे शब्द ऐकून त्याला फेसाआडून हसू आलं.

गळ्याला टॉवेल लागला आणि सावकाशरावांची वाचा उघडली. पैसे आम्ही बँकेत जाऊन संस्थेच्याच खात्यात भरले तर चालतील का, त्यांनी आरशाला विचारलं. आरशातला माणूस म्हणाला, खातं सध्या बंद आहे. इतकी मदत आली की बँकेला आवरेना. रोख द्या, नाहीतर या कार्डावरच्या कोडवर पाठवा. सावकाशरावांनी कार्ड निरखून पाहिलं. त्यावर संस्थेचं नाव नव्हतं, भलत्याच माणसाचं होतं. ते का, असं त्यांनी विचारलं. सोयीसाठी, असं उत्तर आलं. तेवढ्यात मेहुण्याने ते कार्ड उचललं आणि आत रेंज येत नाही असं पुटपुटत तो बाहेर गेला.

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्नवर हात ठेवला. सावकाशराव मिशीच्या कडेवरून एकेक केस मोजावा तसा वस्तरा फिरवत होते. मेहुणा परत आला, त्याने ते सगळं पाहिलं आणि त्याचा धीर सुटला. "दाजी, आटपा आता," म्हणत त्याने त्यांच्या कोपराला हलवलं.

वस्तरा सरकला. मिशीची डावी बाजू टॉवेलवर पडली.

 बाहेरचा हॉर्न नेमका त्याच वेळी थांबला. सावकाशरावांचा चेहरा असा पडला, की मिशी त्यांचीच गेली असं वाटावं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या हातून चूक झाली होती, आणि ती कोणावर, तर उपाशी मुलांना अन्न पोचवणाऱ्या माणसावर. त्यांचा हात थरथरायला लागला.

जॅकेटवाला आरशात बघतच राहिला. मग भानावर येऊन म्हणाला, "असू द्या. डबा द्या, मी निघतो." तो उठला, दारापर्यंत गेला. दाराच्या काचेत त्याला स्वतःची अर्धी मिशी दिसली, आणि तो मुकाट्याने परत येऊन खुर्चीत बसला. "तेवढी उजवी बाजू काढून टाका."

"काढतो. पण हात ठरल्याशिवाय वस्तरा धरणार नाही," सावकाशराव म्हणाले. "तोवर तुमच्या ऑफिसला एक फोन करून घेतो."

जॅकेटवाल्याने तोंडपाठ एक नंबर सांगितला. सावकाशराव म्हणाले, तो राहू द्या, आजच्या पेपरात संस्थेने स्वतःचा नंबर छापलाय, त्यावर करतो. पेपर आजोबांच्या हातात. ते जुन्या चष्म्यातून एकेक आकडा वाचायला लागले. तीनाचा आठ झाला, पहिला फोन भलत्याच घरी लागला. तिथल्या बाईंशीही सावकाशराव बरंच बोलले, कारण मध्येच फोन ठेवणं त्यांना जमत नसे.

इकडे मेहुण्याने डोक्याला हात लावला. एवढा सज्जन माणूस, त्याची मिशी आपण घालवली, वर त्याच्यावर संशय घेतो, आता कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. बेकरीवालाही मान हलवू लागला. खरं सांगायचं तर सावकाशरावांनाही तसंच वाटत होतं. लाजेने त्यांचे कान तापले होते. डबा देऊन टाकला असता तर सुटल्यासारखं झालं असतं.

मेहुणा पडद्याआड गेला आणि बहिणीकडे किल्ली मागू लागला. या बाईने संसारात रोज नवऱ्याच्या संथपणाबद्दल कपाळावर हात मारला होता. त्यामुळे किल्ली हातात पडणारच, अशी मेहुण्याची खात्री. तिने मशीन थांबवलं नाही.

"ते म्हणतील तेव्हा देईन."

"ताई, तूच म्हणतेस ना की दाजी कशाचाच निकाल लावत नाहीत?"

"म्हणते. मी म्हणायचं, तू नाही," ती म्हणाली आणि दोरा दातांनी तोडला.

मेहुणा बाहेर आला तो थेट सावकाशरावांच्या समोर उभा राहिला. आणि त्या दिवशी एक आक्रीत घडलं. सावकाशराव समोर उभ्या माणसाशी बोलले, तेही डोळ्यांत डोळे घालून.

"मिशी गेली ती माझी चूक. तिची काय ती भरपाई मी माझ्या खिशातून देईन. डबा माझा नाही."

वा रे माणसा, असं आजोबांना अगदी मनापासून वाटलं. त्यांनी चष्मा पुसला आणि नंबर पुन्हा पहिल्यापासून वाचला. या वेळी फोन बरोबर लागला. सावकाशरावांनी आरशाकडे तोंड करून शांतपणे सगळं विचारलं. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, आमचा कोणीही माणूस गल्लोगल्ली रोख गोळा करत नाही, खातं चालू आहे, कुठल्याही बँकेतून भरता येईल. तो माणूस अजून तिथे आहे का, असं त्यांनी घाईने विचारलं.

"आहेत ना. त्यांची अर्धी मिशी राहिलीय."

फोन ठेवून सावकाशराव पडद्याआड जाऊन बायकोच्या कानात काहीतरी बोलले. ती गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून मागच्या दाराने कोपऱ्यावरच्या चौकीकडे गेली. सावकाशराव परत आले आणि त्यांनी वस्तरा उचलला. हात आता ठरला होता. ऑफिसात सगळे नवीन आहेत, त्यांना काही माहीत नसतं, असं जॅकेटवाला हसून म्हणाला. असेल, म्हणत सावकाशरावांनी ब्रश पाण्यात बुडवला, नवा फेस केला, तो पसंत पडला नाही म्हणून पुन्हा केला. त्यांच्या संथपणाची गल्लीला सवय होती, पण त्या दिवशी त्यांनी स्वतःवरही मात केली. खाकी कपडे कोपऱ्यावर दिसताच टेम्पो हॉर्न न वाजवता निघून गेला. जॅकेटवाल्याने ते आरशात पाहिलं, पण गळ्याला टॉवेल आणि ओठावर वस्तरा असताना माणूस जाणार कुठे?

हवालदार आत आला. सावकाशराव म्हणाले, "बसा जरा, कानापाशी थोडं राहिलंय." हवालदारही त्यांचंच गिऱ्हाईक, बिचारा बसला.

अखेर जॅकेटवाला उठला तेव्हा त्याच्या मिशीचा मागमूस नव्हता. ओळखपत्रावरच्या फोटोशी आता त्याचा काही संबंध उरला नव्हता, अर्थात तो आधीही नसावा. हवालदाराने त्याचा दंड धरला. सावकाशराव दारापर्यंत गेले आणि ओशाळून म्हणाले, "मिशीचं मात्र माफ करा हं." त्यांनी दाढीचे पैसेही घेतले नाहीत.

मग गल्ली सलूनमध्ये लोटली. जो तो म्हणे, मला पहिल्यापासूनच संशय होता. बेकरीवाल्याचा फेस वाळून तडकला होता, तरी तोही म्हणाला. मेहुणा तेवढा कोपऱ्यात उभा राहून फोनकडे बघत होता. गर्दी पांगल्यावर त्याने विचारलं, "दाजी, तुम्ही त्याला कधी ओळखलंत?"

"ओळखलं कुठे? मला काहीच कळत नव्हतं, म्हणून तर विचारत होतो."

मेहुणा खाली मान घालून आपला फोन पुसू लागला. बराच वेळ पुसला. सावकाशरावांनी त्याचा हात धरून त्याला खुर्चीत बसवलं, आरशात पाहिलं आणि काही विचारलं नाही. तेव्हा कुठे तो बोलला.

"मघाशी बाहेर गेलो होतो ना, रेंज नाही म्हणून. तेव्हा त्या कोडवर मी पाठवले. दुकानाच्या भाड्याचे होते."

पडद्याशी उभ्या बहिणीने तोंडाला हात लावला. आता दाजी सावकाश समजूत घालतील, मग सावकाश चहा मागवतील, असं मेहुण्याला वाटलं. पण असे पैसे गेले तर बँकेला ताबडतोब सांगावं, कधीकधी वाटेत अडवता येतात, हे सावकाशरावांनी याच खुर्चीतल्या एका गिऱ्हाइकाकडून ऐकलं होतं. त्यांनी बायकोकडून किल्ली घेतली, डबा बगलेत मारला, मेहुण्याचं मनगट पकडलं आणि ते दाराबाहेर पडले. बेकरीवाला फेसासकट उठून बघू लागला. आजोबांना आपल्या जुन्या चष्म्यावर विश्वास बसेना. सावकाशराव गल्लीतून पळत होते. चपला हातात घेऊन, बँकेच्या दिशेने, सुसाट. मागे फरपटत जाणाऱ्या मेहुण्याला धाप लागली होती.

"दाजी," तो कसाबसा म्हणाला, "जरा हळू."