अण्णांना कळवायचं राहिलं

आमचे शेजारी अण्णा भाटे चोरावर कधीच चिडले नाहीत. विहिरीवरचा पंप चोरीला गेला त्या सकाळी कुंपणावरून मला म्हणाले, "सुलभा, पंप नेलान गो कोणीतरी. बरं झालं, खडखडत होता मेला." दुपारी नवा बसवूनही झाला.

चिडले ते नंतर, आणि पोलिसांवर. फिर्याद दिली, तिची प्रत हक्कानं फुकट घेतली, आणि मग ठाण्याकडून चकार शब्द नाही. "नव्वद दिवसांत तपास कुठवर आला ते फिर्यादीला कळवायचं, असा कायदा आहे. ज्याचं गेलं त्याला कळायला नको?"

अण्णांना सगळंच कळवावं लागतं. दूधवाला तर लांबूनच ओरडतो, "अण्णानू, उद्या येणार नाय हां!" मी एकदा न सांगता चिपळूणला बहिणीकडे गेले, तर परतल्यावर "कुलूप बघून कळलं आम्हाला" हे चांगलं आठवडाभर ऐकलं.

मुदत उलटली तसे अण्णा ठाण्यात गेले. हवालदार म्हणाला, "आजोबा, पंप मिळाला की फोन करतो."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर कशाला करू?"

झालं. अण्णांनी अधीक्षकांच्या नावे तक्रार लिहिली. रिक्षावाल्यांशी त्यांचं पटत नाही, म्हणून ती द्यायला निघाले माझ्या स्कूटरवर. "पोच घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही," मागून व्याख्यान चालू. "इथे दाद नाही लागली तर पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं प्राधिकरण आहे."

"अण्णा, एका पंपासाठी एवढं?"

"पंपाचं नाव काढू नको!"

काही दिवसांनी तोच हवालदार दारात. तोंड पाडून म्हणाला, "तपास चालू आहे. चोर मिळाला नाही, पंपही नाही." अण्णांनी त्याला बसवलं, चहा दिला, खोबऱ्याच्या वड्या दिल्या. त्यांचा आनंद बघून त्या बिचाऱ्याला शंका आली असावी, की पंप घरातच आहे.

त्या संध्याकाळी अण्णा इतके खुशीत होते की मीही म्हटलं, "पेढे कुठे आहेत? नात झाली ना! माझ्या लेकीनं प्रशांतच्या स्टेटसला फोटो बघितला. गोड आहे हो पोर."

प्रशांत हा त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्याला असतो. बरीच वर्षं इकडे फिरकलेला नाही. का, ते अण्णा सांगत नाहीत आणि मी विचारत नाही.

अण्णा शेवग्याला पाणी घालत होते. पाणी एकाच आळ्यात पडत राहिलं, भरून वाहायला लागलं.

"हो तर," ते म्हणाले. "फोन आलेला त्याचा. मीच विसरलो तुला सांगायला. उगाच त्याला नावं ठेवू नको."

मी कुठे ठेवली होती? बरं म्हटलं आणि आत वळले.

"सुलभा," मागून हाक आली. "तिचं नाव काय ठेवलंनी, तसं काही लिहिलेलं होतं का गो?"