तीन बुंध्यांची मोहीम आणि गोदूआक्कांची स्वारी

श्रीगजानन प्रसन्न. जैसे घडले तैसे लिहिले, पदरचे मीठ घातले नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु हकीकत सुखाची, ती श्रोते हो, स्वस्थ चित्ते ऐकावी.

ते समयी एका अंगणाचे राज्य होते. वरल्या अंगास घराच्या पायऱ्या, खालच्या अंगास फाटक आणि मध्ये कुंपणाच्या भिंतीलगत मातीची अरुंद वाट, ऐसा मुलूख. राज्यावर केशवपंत, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सुखे नांदत होते. पदरी कुटुंब रखमाबाई आणि वडील भगिनी गोदूआक्का. पंतांनी तरुणपणी मोठ्या हौसेने वाटेच्या कडेस तीन निलगिरी लाविल्या होत्या. त्या वाढत वाढत विजेच्या तारांस भिडल्या आणि ज्येष्ठातल्या वादळात एक मोडून आडवी जाहली, मग भयास्तव उरल्या दोन्हीही तोडविल्या, आणि गुडघाभर उंचीचे तीन बुंधे मागे राहिले. दोन भिंतीस खेटून होते, त्यांचा उपद्रव नव्हता. तिसरा फाटकाजवळ वाटेतच बसला होता. पायी चालणारा अंग चोरून जाई, म्हणून कोणी मनावर घेतले नाही.

पुढे श्रावणात आक्का न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया जाहली, जीव वाचला, परंतु चाकांची खुर्ची नशिबी आली. आक्कांचा नेम असा की रोज संध्याकाळी समोरच्या आळीत जुन्या मैत्रिणीकडे, सुंद्राबाईंकडे, जाऊन बसावे. सुंद्राबाईंस गुडघ्यांमुळे पायऱ्या उतरवत नसत, त्यामुळे येणेजाणे खुंटले. एके दिवशी पायऱ्यांवर फळी टाकून खुर्ची खाली उतरविली आणि पंत ढकलीत निघाले, तो फाटकाजवळील बुंध्यापाशी चाक अडकले. पुढे जाईना, मागे येईना. शेवटी शेजाऱ्यांनी आक्कांसकट खुर्ची उचलून घरात आणिली. आक्का हसून बोलिल्या, "पालखीत बसायचं राहिलं होतं, तेही झालं." परंतु त्या दिवसापासून बाहेर न्या म्हणाल्या नाहीत, खिडकीशी बसू लागल्या. हे पाहून पंतांचे काळजात काटा रुतला.

मग पंतांनी स्वतः मोहीम आरंभिली. कुऱ्हाड घेऊन बुंध्यावर चालून गेले. कपच्या उडाल्या, बुंधा हलला नाही, पाठ मात्र धरली. नंतर कोणी मसलत दिली की जाळून टाकावा, तो ओल्या मुळ्यांचा धूर असा निघाला की शेजारच्या वाळत घातलेल्या कपड्यांस चार दिवस निलगिरीचा वास येत होता. रखमाबाईंनी शेजारी लाडू पोचवून तह केला. तेव्हा निरुपाय होऊन पंतांनी सिद्राम कंत्राटदारास पाचारण केले.

सिद्रामाने तिन्ही बुंध्यांस फेरी घातली आणि बोलिला, "साहेब, जेसीबी फाटकातनं शिरत नाही. भिंत पाडावी लागेल, नाहीतर माणसं लावून, चेनपुली लावून उपटायचे. नगाला तीन हजार. माती भरणं, उचलून नेणं धरून साडेदहा हजार होतील."

"अरे, झाडं तोडायला पाच हजार पडले होते!"

"झाड तोडलं की आपण होऊन पडतंय साहेब. बुंधा कुठं पडणार?"

 घरात साडेदहा हजार होते, परंतु ते रखमाबाईंच्या सागवानी झोपाळ्यासाठी बाजूस काढिलेले. बाईंनी आपण होऊन सांगितले, "झोपाळा कुठं पळून जातोय? द्या ते." पंतांनी होकार दिला आणि विषय आक्कांपासून गुप्त ठेविला. परंतु आक्कांचे कान तिखट. त्यांनी खिडकीतून हाक मारिली, "केशव, इकडे ये. आणि त्या माणसालाही बोलाव."

दोघे हजर जाहले. आक्का रागे भरून बोलिल्या, "माझ्या चाकांपायी तिचा झोपाळा बुडवतोस?"

पंत बोलिले, "आक्का, झाडं मी लावली. तू तेव्हा आंबा लाव म्हणत होतीस, मी ऐकलं नाही. आता वाट साफ करायची तर नीट करू, अर्धवट नको."

"केशव, मला राज्य जिंकायचं नाही, फाटकाबाहेर जायचंय. भिंतीजवळचे दोन कुणाला आडवे आलेत? काय रे सिद्राम, फाटकाजवळचा एकटा काढलास तर किती?"

सिद्रामाने डोके खाजविले. "माती नि गाडीसकट पस्तीसशे, मावशी."

"बत्तीसशे. आणि माती चांगली ठोकून द्यायची, चाक रुतलं तर परत बोलावीन."

सिद्राम हसला आणि सौदा ठरला. झोपाळ्याचे बहुतेक द्रव्य शाबूत राहिले. पंतांस प्रथम हळहळ वाटली, मग मोकळेही वाटले.

दुसरे दिवशी सिद्रामाची माणसे पहारी, कुदळी घेऊन आली. भोवती खणिले, मुळ्या तोडिल्या, साखळी आवळली, आणि दुपारी कडाड आवाज होऊन बुंधा उलथला. आक्कांनी खिडकीतून टाळी वाजविली. खड्डा बुजवून, पाणी मारून, माती ठोकून वाट सपाट केली.

संध्याकाळी आक्कांनी ठेवणीतले लुगडे नेसले आणि पंतांनी खुर्ची ढकलिली. चाके गडगडत फाटकाशी पोचली. तेथे पंत थांबले आणि बोलिले, "आक्का, आलं फाटक."

"दिसतंय मला," आक्का बोलिल्या, "थांबलास कशाला?"

सारांश, बत्तीसशे रुपयांत एक वाट मोकळी जाहली. आक्का आता रोज सुंद्राबाईंकडे जातात. दिवेलागणीस त्यांस आणावयास कोणी पाठवावा, तर तोही तेथेच चहास बसतो आणि घरी वाट पाहणारे वाट पाहत राहतात. इतकेच वर्तमान.