महाराजांचे दात आणि बयजाबाईचं सँडविच

एका जंगलात, मुलांनो, प्रचंडसिंह नावाचा सिंह राज्य करत होता आणि त्याच्या तोंडात एकही दात नव्हता. ही गोष्ट जंगलात कुणालाच ठाऊक नव्हती. म्हणजे ठाऊक सगळ्यांना होती, पण कुणी विचारलं तर ठाऊक नव्हती. मोठे झालात की हा फरक तुम्हाला आपोआप कळेल.

महाराजांच्या मुदपाकखान्यात बयजाबाई नावाची तरसीण होती. उजाडताच ती मांसाचे मोठे तुकडे मडक्यात घालायची. वर कांदा, लसूण, मिरी आणि मूठभर भाजलेलं खोबरं. मग मडक्याच्या तोंडाला कणीक लिंपून ते गोवऱ्यांच्या मंद आचेवर ठेवायची. चांगले आठ तास! तोवर ती जागची हलायची नाही. कुणी घाई केलीच, तर खेकसायची, "तुझी शेपटी घाल चुलीत. ती शिजेल लवकर."

मांस कुठून यायचं, असं विचारताय ना? शेजारच्या जंगलातून. तिथल्या हरणांविषयी इकडे बोलायची पद्धत नव्हती.

मडकं उघडलं की मांस हाडावरून अलगद गळून पडायचं. ते ती पावाच्या दोन कापांत गच्च भरायची, बाहेरून लोणी फासायची आणि तव्यावर टाकून वरवंट्याने दाबायची. खरी कारागिरी इथे होती. पाव हिरड्यांनीही मोडेल इतका पातळ हवा आणि दरबारातल्या शेवटच्या रांगेत ऐकू जाईल इतका कडक हवा. हे साधायला बयजाबाईला तीन वर्षं लागली होती.

महाराज भर दरबारात, पण पडद्याआड बसून जेवायचे. कुर्रम! कुर्रम!

"ऐका! महाराज हाडं फोडताहेत!" दिवाण कोल्हा ओरडायचा.

हरणं थरथरायची. थरथरून झालं की घरी जाऊन निवांत गवत खायची, कारण गेल्या सात वर्षांत महाराजांनी दरबारातल्या कुणाला खाल्लं नव्हतं.

मग महाराजांच्या राज्याभिषेकाचा वर्धापनदिन आला. बयजाबाई ताट घेऊन पडद्याशी उभी होती. आज तरी आपलं नाव निघेल, असं तिला मनापासून वाटत होतं. फार नको, 'बयजाबाईंनी केलंय' एवढं म्हटलं तरी पुरे. दिवाणाने मानपत्र उघडलं.

"आमचे महाराज रोज अख्खा रेडा कच्चा खातात! मसाला नाही, मीठ नाही, आच नाही!"

बयजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. नाव नाही घेतलं, तेही तिने सोसलं असतं. पण कच्चा?

"कच्चं कुणाला म्हणता हो?" ती कडाडली. "आठ तास शिजवते मी! आणि कच्चं खायला तोंडात दात लागतात. महाराजांच्या तोंडात एक तरी आहे का?"

सगळ्या दरबाराने घाईघाईने कान झाकले.

"बाई, काय केलंत हे?" म्हातारा तात्या सांबर कळवळून म्हणाला. "आमचं सगळं बरं चाललं होतं की."

आता चौकशी टाळता येईना. समिती नेमली गेली. अध्यक्ष झाला तात्या सांबर, कारण त्याचं कशाबद्दलच काही मत नसायचं. महाराजांना तोंड उघडा म्हणणं बरं दिसलं नसतं. म्हणून समितीने बयजाबाईचं तोंड उघडून पाहिलं. आत चौतीस दात होते, एकापेक्षा एक मजबूत. अहवाल दोन ओळींचा होता: 'महाराजांना दात आहेत. ते सध्या बयजाबाईच्या तोंडात आहेत.'

"अहो तात्या, हे माझे आहेत! लहानपणापासूनचे!"

"पावती आहे?" दिवाणाने विचारलं.

पावती नव्हती. दात काढले आणि लाखेने महाराजांच्या हिरड्यांत बसवले. अगदी फिट्ट बसले. तरसाचे दात ते, हाडं फोडण्यासाठीच घडलेले.

त्या दिवशी महाराजांनी सँडविच परत पाठवलं आणि समितीच्या अध्यक्षांना जेवायला बोलावलं. तात्या नवा फेटा बांधून गेला. परत आला नाही. दुसऱ्या दिवसापासून बाकीचे सदस्य गेले, अकारविल्हे. सदस्य संपल्यावर दरबारी मंडळींची यादी निघाली.

एका सकाळी दिवाण धापा टाकत मुदपाकखान्यात आला. बयजाबाई विझलेल्या चुलीपाशी बोळकं मिटून बसली होती.

"बयजाबाई, आज माझं नाव आहे हो! ते तुमचं सँडविच करा ना. दरबारात तुमचं नाव घेतो, शपथ घेतो!"

बयजाबाईने चुलीतली राख बाजूला सारली.

"करते की," ती म्हणाली. "आठ तास लागतील, दिवाणजी. महाराज थांबणार आहेत का?"

तात्पर्य: मुलांनो, आपल्या कामाचा अभिमान जरूर बाळगावा, पण तोंड मिटून. आणि राजाला दात नाहीत, अशी तक्रार कधीही करू नये. तिची दखल घेतली जाते.