एक जुलैची माणसं

खोटं कशाला सांगू, अख्ख्या आदिलाबादेत कॉम्प्युटरमधलं माझ्याएवढं कळणारा माणूस नव्हता! आमच्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कंपनीत मी, अनंतराव, कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख होतो. विभागात मी एकटाच होतो, पण प्रमुख तो प्रमुखच. भीमपूरच्या शाळेत पहिलीपासून सातवीपर्यंत पहिला नंबर सोडला नाही. आणि कोणी अवघड काम पुढे केलं की माझं एक वाक्य ठरलेलं असे, "अरे, पोलीस ॲक्शनच्या साली मायनं मला टोपलीत घालून पैनगंगा पार केली! तान्हेपणी पूर पाहिलेला माणूस मी. मला काय भेव दाखवता?"

हे वाक्य तीस वर्षं सगळ्यांनी ऐकलं, पण त्यावर बोटं मोजून हिशोब कोणी केला नाही. ते वाक्य जपून ठेवायला हवं होतं, हे आता कळतं.

गोष्ट २००९ च्या दिवाळीनंतरची. कंपनीत तीन कॉम्प्युटर होते. फाटकावरचा हजेरी घ्यायचा. कार्ड टेकवलं की माणूस आला. जिनिंग हॉलमधला पाळ्या लावायचा. ऑफिसातला प्रत्येकाची रजा आणि निवृत्ती सांभाळायचा. तिघं एका घरातल्या भांडलेल्या जावांसारखे, एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. त्यांच्यातला निरोप्या म्हणजे देवाजी शिपाई. रोज सकाळी खांद्याला कापडी पिशवी अडकवून तो फाटकावरची चिठ्ठी हॉलात न्यायचा, हॉलातली ऑफिसात. वाटेत चुकाही सुधारायचा. "हा नागोराव तो नव्हे साहेब, हा भीमपूरचा. याची पाळी रातची हाय."

देवाजी माझा शाळासोबती, एका बाकावरचा. पण मी प्रमुख आणि तो शिपाई, तेव्हा बाकाची आठवण मी फारशी काढत नसे.

एके दिवशी मी आमच्या जी.एम. नरसय्या साहेबांपुढे छाती काढून उभा राहिलो. "साब, तीनों को जोड देता हूं! हैदराबाद हेड ऑफिस को भी. इधर कार्ड टेका, उधर दिखा!"

"और चिट्ठी?"

"चिट्ठी बंद! पिशवी बंद!"

दारात देवाजी पिशवी धरून उभा होता. बाहेर आल्यावर त्यानं विचारलं, "मंग मी काय करू, अनंतराव? दोन वर्सं बाकी हायेत माही."

"आराम करा. नातवंडं खेळवा. पैनगंगेत मासे धरा."

"मले मासे धरता येत नाई," देवाजी म्हणाला. मी ते ऐकून सोडून दिलं.

जोडायला बसलो आणि पहिलीच अडचण आली. एकाच माणसाचा फाटकावर एक नंबर, हॉलात दुसरा, ऑफिसात तिसरा. आता कोण कोणता, हे ओळखायचं कसं? सरळ देवाजीला शेजारी बसवलं असतं तर दोन दिवसांत भागलं असतं. पण शिपायाला विचारायचं? पहिल्या नंबरानं? मी डोकं चालवलं. गाव आणि जन्मतारीख तिन्ही ठिकाणी होती. गाव तेच, तारीख तीच, म्हणजे माणूस तोच! वर एक पक्का नियमही घातला. एका गावची, एका तारखेची दोन माणसं कॉम्प्युटरनं यापुढे घ्यायचीच नाहीत. आपल्याच हुशारीवर मी इतका खूश झालो की घरी जाताना बायकोसाठी, सुभद्रेसाठी, जिलबी घेतली!

आता आमच्या भीमपूरच्या शाळेची रीत सांगायला हवी. आमचे हेडमास्तर नाव घालायच्या दिवशी पोरांना ओळीत उभं करायचे. जन्मतारीख कोणाच्या आईबापाला ठाऊक नसे. मग मास्तर ओळीवर एक नजर टाकायचे आणि सगळ्या ओळीला मिळून एकच तारीख द्यायचे. आमच्या ओळीला मिळाली एक जुलै त्रेपन्न. ओळीत पाच वर्षांचं शेंबडं पोर होतं आणि मिसरूड फुटायच्या बेतात आलेलंही होतं. तीच ओळ पुढे जशीच्या तशी कंपनीत लागली.

म्हणजे भीमपूरची आम्ही एकोणीस माणसं माझ्या जोडणीत शिरली आणि एकच माणूस होऊन बाहेर पडली. त्याचं नाव देवाजी, कारण यादीत त्याचा नंबर सगळ्यांत जुना होता.

पहिल्या आठवड्यात देवाजी तिन्ही पाळ्यांना हजर होता. त्याच वेळी रजेवरही होता. मला शंका यायला हवी होती. पण नरसय्या साहेबांनी पडद्यावर एवढंच पाहिलं की कंपनीतली माणसं अठरानं कमी झाली आणि काम तेवढंच आहे. "कमाल कर दिये अनंतराव! अठरा आदमी फालतू थे क्या?"

मी मान डोलावली. साहेब कौतुक करत असताना खोलात शिरणं मला कधीच जमलं नाही.

चिठ्ठ्या बंद झाल्या, तेव्हा देवाजीची जागाही बंद झाली. शनिवारी निरोपसमारंभ केला. शाल, नारळ, हार. मी भाषणात टोपली आणि पैनगंगा सांगितली, आणि शेवटी सगळ्यांसमोर कॉम्प्युटर आणवला. "पहा! पूर्वी निवृत्तीचा कागद हैदराबादेहून यायला महिना लागायचा. आता एक कळ!"

दाबली. टाळ्या झाल्या. देवाजी तेवढा पडद्याकडे बघत राहिला. रिकामी पिशवी अजून त्याच्या खांद्यालाच होती.

सोमवारी सकाळी फाटकावर कार्ड टेकवलं. यंत्र कुंईऽऽ करून तांबडं झालं!

"मारोतराव, काय झालं हे?" मी चौकीदाराला विचारलं.

"मशीन म्हणते तुमी रिटायर झाले, साहेब."

"मी? अरे, हे मशीन मी बसवलं!"

"मंग तुमीच इचारा तिले, काऊन घेत नाई ते!"

मागे नागोराव लाल. त्याच्यामागे भीमपूरचे सगळे लाल. कपाशीचा ऐन हंगाम, गाड्या मावला गावाच्या रस्त्यापर्यंत उभ्या, आणि जिनिंगची जाणती माणसं फाटकाबाहेर! त्यात पंचफुला होती, आमच्या ओळीतली एकच पोरगी. ती कमरेला पदर खोचून पुढे आली. "काय करून राह्यले तुमी, अनंतराव? देवाजीले काढलं ते काढलं, आता समद्या गावाले काढता का?"

तेवढ्यात सुभद्रेचा फोन. "अहो, इथं कंपनीची दोन माणसं आली हायेत. क्वार्टर मोजून राह्यले. हैदराबादचा हुकूम आला म्हणतात. मीनाक्षीचं लगन याच अंगनात करू म्हनले होते ना तुमी?"

वैशाखात आमच्या मुलीचं, मीनाक्षीचं लग्न, आणि माझी दोन वर्षं सेवा बाकी होती म्हणूनच क्वार्टर आमचं होतं! पूर्वी चूक देवाजीच्या पिशवीत विझायची. आता ती माझ्या तारेनं हैदराबादला पोचून हुकूम होऊन परत आली होती.

साहेबांनी जीप पाठवून देवाजीला बोलावून घेतलं. माझ्याच खुर्चीत बसवलं. मी नियम काढायला गेलो, तर हैदराबादनं कळवलं की नियम उत्तम आहे, राहू द्या. प्रत्येकाची खरी जन्मतारीख भरा. हैदराबादनं माझ्या कामाची तारीफ पहिल्यांदाच केली, ती अशी!

देवाजीनं डोळे मिटले आणि सुरू झाला. "नागोराव, शाळेचं छप्पर उडालं त्या सालचा. पोळ्याचा. पंचफुला माह्याहून एक महिन्यानं लहान..." नरसय्या साहेब कॅलेंडरं धुंडाळून तारखा भरत होते. देवाजी धरून अठरा माणसं जिवंत झाली. कोणी एक वर्षानं लहान, कोणी दोन. सगळे नोकरीत.

"अब अनंतराव का?"

मी टेबलाखालून देवाजीच्या पायावर पाय दिला. त्यानं पाय बाजूला घेतला आणि माझ्याकडे मोठ्या प्रेमानं पाहिलं.

"यांचं त समद्यायले पाठ हाय, साहेब. पोलीस ॲक्शनचं साल, अठ्ठेचाळीस. मायनं टोपलीत घालून पैनगंगा पार केली. तिकडून परतायला लय वर्सं लागली, म्हून शाळेत उशिरा आले. पहिला नंबर काऊन नाई येणार? आमच्याहून पाच वर्सानं मोठे होते ते!"

साहेब बोटांवर मोजत होते. त्यांचा तिसरा पंजा संपेपर्यंत मी बसून घेतलं.

"अरे अनंतराव! अठ्ठावन में रिटायर होना था, आप तो तीन साल पहले ही हो गये!"

"खोटं हाय ते!" मी ओरडलो. पण खोलीतल्या एकूण एक माणसानं ती टोपली माझ्याच तोंडून ऐकली होती. त्याच शनिवारी, माईकवर.

देवाजीनं मुद्दाम केलं का? मी त्याला विचारलंही. तो म्हणाला, "मी काऊन मुद्दाम करू? साहेबानं खरं इचारलं, मी खरं सांगतलं. माहं खरं तुमी कधी इचारलंच नाई." मला राग आला, आणि तो कोणावर काढावा हे आजही कळलेलं नाही.

मीनाक्षीचं लग्न गल्लीत मांडव घालून केलं. देवाजीला कंपनीनं परत घेतलं, माणसं ओळखायला. पिशवी पुन्हा फिरू लागली.

माझ्या निरोपसमारंभाला मात्र सगळे आले. शाल, नारळ, हार. साहेबांनी कॉम्प्युटर आणवला आणि कळ दाबायचा मान देवाजीला दिला. तो बोट उचलून अवघडून उभा राहिला, मग माझ्याकडे वळला.

"कोनती दाबू, अनंतराव?"

दुसऱ्या कोणाला ठाऊकच नव्हती. मी हार सांभाळत वाकलो आणि दाखवली. या वेळी जोडणी चोख चालली. एकच माणूस कमी झाला!