गच्चीवरचा जपान

पत्नी मनोरमाबाईंच्या वर्षश्राद्धाला चार माणसं येणार, घर बरं दिसावं, म्हणून सूर्यकांतांनी आदल्या दिवशी स्वयंपाकघरातलं गोल स्टूल रंगवायला काढलं. छत्तीस वर्षं रेल्वेत गार्ड होते, तेव्हा रंग लालच. हे काम दोन वर्षं रखडलं होतं. मनोरमाबाई म्हणायच्या, "आधी पाय रंगवा, मग बैठक." सूर्यकांत म्हणायचे, "मला शिकवू नकोस."

त्यांनी आधी बैठक रंगवली. मग पाय रंगवायला स्टूल उलटं केलं आणि खाली हाताला लागली ती चादर टाकली. स्टूल उचललं तेव्हा पांढऱ्या चादरीच्या बरोबर मधोमध भलामोठा लाल गोळा उमटला होता. चादर मनोरमाबाईंची, ठेवणीतली. त्यांनी ती रॉकेलने घासली, साबणाने घासली. गोळा जिथल्या तिथे. शेवटी वाळायला गच्चीवर उभ्या बांबूला बांधून टाकली. स्टुलाचा रंग निघाला होता, म्हणून सकाळी बैठकीवर पुन्हा एक हात मारला आणि ते गच्चीवर वाळत ठेवलं.

तेवढ्यात शेजारची पुतळी कुंपणाशी आली. तिचे बोंबील बांबूच्या वलांडीवर वाळत होते.

"गार्डदादा, तो बावटा काढू नको हां! आज एक कावळा नाय. काल अर्धी वलांड खाल्ली मेल्यांनी."

"अगं, बावटा कसला? चादर आहे ती."

"असंल. चार दिस ऱ्हाऊ दे. वयनी असती तर नाय बोलली नसती."

वहिनीचं नाव निघालं आणि सूर्यकांत विरघळले. "राहू दे," म्हणाले. दुपारी आपल्यालाही कावळाच लागणार आहे, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

नऊ वाजता पुतण्या आला. यतीन, शाळामास्तर.

"काका, दुसऱ्या देशाचा ध्वज असा घरावर लावतात का?"

"कुठल्या देशाचा?"

"जपानचा!"

सूर्यकांतांनी मान वर केली. लाल दिसलं की गाडी थांबवायची, एवढंच त्यांना ठाऊक. "मला तर धोका वाटतोय," ते म्हणाले.

यतीनने फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'हे योग्य आहे का?'

तासाभरात तलासरीहून मोटारसायकल उडवत धर्मेश आला. जमिनीचा दलाल.

"काका, बुलेट ट्रेन तुमच्या घरावरून वळवली काय? जपानवाले झेंडा लावून गेले, तलासरीत सगळे बोलतात. आपल्या माणसाला तरी सांगा ने!"

"अरे बाबा, ते स्टूल आहे."

"समजलो. आतली गोष्ट आहे." धर्मेशने डोळा मारला आणि अंगण पावलांनी मोजायला लागला.

तो मोजतोय म्हटल्यावर आळी गोळा झाली. अकरापर्यंत गच्चीवर पंधरा माणसं. "नारळाच्या झाडांचे पैसे वेगळे मिळतात ना?" कुणीतरी विचारलं. पुतळी खालून ओरडली, "माझी वलांड पाडायची नाय, सांगून ठेवते!"

बारा वाजता मुलगी अदितीने पान वाढून गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. सुरूच्या झाडावर एकच कावळा होता. तो चादरीकडे बघे आणि अंग चोरून बसे.

"पुतळे, बावटा थोडा वेळ काढू का गं?" सूर्यकांतांनी विचारलं.

"काढ बाबा. वयनीपेक्षा बोंबील मोठं नाय."

चादर उतरवली. कावळा हलेना. काहीतरी इच्छा राहिली असणार, असं सगळ्यांचं मत पडलं.

"आई, बाबांचं बीपी मी बघेन," अदिती म्हणाली. कावळा ढिम्म.

"काकू, चादरीची मी नीट घडी घालेन," यतीन म्हणाला.

"काकी, ही जमीन मी कोणाला विकू देणार नाय!" धर्मेश धंदा विसरून म्हणाला. कावळ्याने पाठ फिरवली.

एक वाजला. वडे गार झाले. वर्षाच्या दिवशी बाई घरातून उपाशी जाणार. "तुम्ही सगळे खाली जा," सूर्यकांत म्हणाले.

गच्ची रिकामी झाली. ते जवळच्या स्टुलावर मटकन बसले. सुरूकडे न बघताच हळू आवाजात म्हणाले, "मनोरमा, पाय आधी रंगवायचे. बैठक मागून. तुझं बरोबर होतं."

चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं. कावळा सरळ खाली आला. वडा उचलला, क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि उडाला.

सूर्यकांतांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि उठले. उठताना जरा चिकटल्यासारखं वाटलं, पण त्यांनी लक्ष दिलं नाही. "शिवला, शिवला!" म्हणत ते भराभर जिना उतरून अंगणात आले. जिन्याशी उभी असलेली मंडळी मागून बघतच राहिली. पांढऱ्याशुभ्र धोतरावर, बरोबर मधोमध, भलामोठा लाल गोळा.

पुतळीने कुंपणावरून मान काढली.

"गार्डदादा, चादर नेली तर नेली. तू असाच पाठमोरा माझ्या वलांडीशी उभा ऱ्हा!"

सूर्यकांतांनी मान वळवून जमेल तेवढं मागे पाहिलं.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले, आणि जाऊन उभे राहिले.