चिमणकाकांची मिशी

“मी दगडालासुद्धा पाण्याखाली श्वास घ्यायला शिकवीन!” मालवणहून स्कुबा डायव्हिंग शिकून आल्या आल्या मी अख्ख्या धाकट्या डहाणूला सांगून टाकलं. दगड एकही आला नाही. माणसंही आली नाहीत.

येतील तरी कशी? ज्या पाण्यातून बाप धड परत यावा म्हणून आमच्याकडं घरोघर नवस बोलतात, त्यात हौसेनं खाली कोण जाईल? माझी आईच म्हणाली, “हेमाली, लोक बुडू नये म्हणून शिकवतात. तू बुडायला शिकवणार?” तिला तरी काय दोष द्यायचा! मालवणला मी पहिल्यांदा खाली गेले तेव्हा भोवती पोहणारे मासे बघून सोबतच्या पर्यटकांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझ्या तोंडाला! मच्छीमाराची पोर ती, दुसरं काय होणार?

पण शिकवण्याचा दाखला हवा तर निदान एक विद्यार्थी तयार करून दाखवा, असं मालवणच्या सरांनी बजावलं होतं. मी वाट बघून थकले आणि एके दिवशी शेजारचे चिमणकाका दारात उभे राहिले. वय साठ, चाळीस वर्षं स्वतःच्या होडीवर तांडेल, म्हणजे कप्तान, आणि मिशी म्हणजे केरसुणीच!

“पोरी, मला खाली जायचंय,” काका म्हणाले. “प्रविण पडला तिथं.”

प्रविण त्यांचा एकुलता एक मुलगा. मागच्या नारळी पुनवेनंतर पहिल्याच फेरीला जाळं ओढताना तो होडीवरून पडला. आठ महिने झाले, सापडला नाही. काकांनी त्याचे दिवस केले नव्हते. त्याची आई, रूपीकाकी, अजून त्याचं ताट वाढत होती.

आमच्या समुद्रात गाळ इतका की खाली आपलाच हात आपल्याला दिसत नाही. तिथं आठ महिन्यांनी काय मिळणार? हे मला ठाऊक होतं आणि सांगायला हवं होतं. मी काय बोलले? “आठ दिवसांत तयार करते, काका!” पहिला विद्यार्थी कोणी हातचा घालवतं का!

सराव घोलवडला, माझ्या मामाच्या चिकूवाडीतल्या विहिरीत. काका शिकायला एकदम चोख. अडचण एकच, त्यांच्या मास्कमध्ये पाणी साठायचं. मी खूण करायची, नाकानं फुंका, बाहेर काढा! काका काढायचे. जरा वेळानं पुन्हा डोळ्यांखाली पाणी! तिसऱ्या दिवशी वर आल्यावर मी मोठ्या डॉक्टरच्या थाटात निदान केलं.

“काका, मिशी! तिच्या केसांतून पाणी शिरतं. उतरवून टाका.”

काकांनी मिशीवर हात ठेवला. “पूर्ण?”

“पूर्ण! गुळगुळीत!”

काकांनी मास्क पुसून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, “बरं.”

माझं डोकं कुठं चरायला गेलं होतं कोण जाणे! आमच्याकडं मिशी उतरवतात ती घरातलं माणूस गेल्यावर. प्रविण सापडेपर्यंत नाही, म्हणून काकांनी ती आठ महिने उतरवली नव्हती, हे साऱ्या गावाला माहीत. मलाही माहीत! पण माझ्या डोक्यात मास्कशिवाय दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका जिग्नेश न्हाव्याकडं गेले. त्यानं कारण विचारलं नाही. असलं कारण कोणी विचारतं का? गुपचूप मिशी उतरवली, काकांना पाणी प्यायला दिलं, आणि ते गेल्यावर दुकान बंद करून चार फोन केले. प्रविण सापडला!

तेव्हा आम्ही दोघं विहिरीच्या तळाशी बुडबुडे सोडत बसलो होतो. मिशी गेली, तरी मास्कमध्ये पाणी होतंच! वैतागून वर आले तर मोबाइलवर एकतीस मिस्ड कॉल. तेवढ्यात बत्तिसावा आला. शेजारचा नारू ओरडत होता, “कुठं आहात? काकांना घेऊन ये! प्रविण सापडला!”

काकांनी ते ऐकलं. ओल्या सूटसकट माझ्या स्कूटरवर बसले. वाटेत एकच वाक्य, पाच-सहा वेळा, “हेमाली, जिता आहे का विचार.” मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

गावात एकही होडी बाहेर पडली नव्हती. काकांच्या दारात बांबू, मडकं, कोरं कापड. बायका रूपीकाकीला धरून बसलेल्या. काळ्या रबरी सूटमधून पाणी ठिबकत काका मधोमध उभे राहिले.

“कुठंय?”

“ते तुम्हीच सांगा ना!” नारू म्हणाला. “कुठं सापडला?”

“मला काय माहीत! तूच फोन केलास!”

“मग मिशी?”

सारं गाव काकांच्या ओठाकडं बघायला लागलं, आणि काका माझ्याकडं.

“हिनं सांगितलं.”

मी हातातला मास्क वर केला. “यात... पाणी शिरत होतं.”

 मग रूपीकाकी उठली. आता थोबाडीत बसणार म्हणून मी गाल तयार ठेवला. पण ती काकांपुढं गेली, त्यांच्या उघड्या ओठावरून बोट फिरवलं.

“आता उतरलीच आहे, तर करून टाकू पोराचं,” ती म्हणाली. “किती दिवस वाढू त्याला?”

सामान होतंच, माणसंही जमलेली. दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी दिला. काका सूट न बदलता सगळं करत राहिले, आणि कोणाला हसू आलं नाही. त्यानंतर ते विहिरीवर आले नाहीत. मीही बोलावलं नाही.

मास्क मात्र मी मालवणला पाठवला, सोबत चिठ्ठी: मिशी नसतानाही गळतो, बदलून द्या. आठवड्यात सरांचं उत्तर आलं, “दोनदा तपासला. मास्क उत्तम आहे. बाहेरून थेंब शिरत नाही.”

म्हणजे चार दिवस काका माझ्यापासून हातभर अंतरावर रडत होते, आणि मी खुणा करत होते: नाकानं फुंका, बाहेर काढा!

आणि म्हणे दगडाला शिकवीन! विहिरीत दगड एकच होता, आणि त्याच्याकडं स्कुबाचं प्रमाणपत्र होतं.